सुईजवळचं लोखंड

"अजून दोन पावलं उजवीकडं," मी ओरडले, आणि कौसाबाई उजवीकडं सरकली. दुसरं पाऊल टाकलं तेव्हा तिच्या पायाखाली काही नव्हतं. धुक्यात तिचं जांभळं लुगडं दिसत होतं, ते दिसेनासं झालं. ती ओरडली नाही. दगड गडगडले, थांबले, आणि बऱ्याच वेळानं खूप खालून पुन्हा एकदा आवाज आला. मी गुडघा टेकून बसले होते. डोळ्याला पितळी डबी लावलेली होती आणि डबीत आकडा बरोबर तीनशे वीस दिसत होता.

"बाई, कौसाबाई कुठं गेली?" सुमननं विचारलं. सुमन म्हणजे माझी धाकटी जाऊ. सातवा महिना लागलेला, कळा सुरू झालेल्या, दोन्ही हात माझ्या उजव्या खांद्यावर टाकून उभी. कुठं गेली ते मला कळलं होतं.

भाद्रपद आला की हे आठवतं असं नाही. ते बाराही महिने असतं. भाद्रपदात त्याला वास येतो, एवढंच. आता मी हर्सूलला मुलाकडं राहते. सकाळी तलावावर धुकं बसतं. सून म्हणते, "आई, बघा तरी किती छान दिसतंय." मी खिडकी लावून घेते. धुकं लांबून छान दिसतं. आत शिरलं की ते ओल्या फडक्यासारखं तोंडावर बसतं. आपलाच आवाज आपल्या पुढ्यात पडतो. हात लांब केला तर बोटं दिसतात, बोटांच्या पुढं काही नाही. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी खुशाल फोटो काढावेत.

आमची वस्ती तेव्हा सोयगावच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी होती. वर पठार, पठाराच्या उत्तरेला तुटलेला कडा, कड्याखाली आम्ही. पठारावर कुणीतरी झाडं लावायचं काम काढलं होतं. कुणाचं काम ते आम्ही विचारलं नाही. पावसानं हद्दीचे दगड वाहून गेले होते आणि सगळी हद्द पुन्हा मोजायची होती. मोजायला शहरातून पाठक साहेब आले. पन्नाशीचा बारीक माणूस. बापजाद्यांची भिक्षुकी, हे मोजणीच्या कामात. त्यांना तीन बाया पाहिजे होत्या, एक झेंड्याची काठी धरायला आणि दोघी फीत ओढायला. मी गेले, कौसाबाई आली आणि सुमनला मी नेलं. निंदणीला वाकण्यापेक्षा फितीचं टोक धरून उभं राहणं हलकं, असं मी सासूला सांगितलं. म्हणजे तिला डोंगरावर नेणारी मीच.

कौसाबाई आमच्याच आळीतली. साठीला आलेली, विधवा, तोंडानं फटकळ. डोंगर तिच्या पायांना पाठ होता. गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती कड्याच्या कडेनं गाणं म्हणत जायची, आणि आम्ही मागून शिव्या द्यायचो.

त्या महिनाभरात पठारावर तेरडा फुललेला होता. गुलाबी, मांडीपर्यंत. त्यातून चाललं की लुगड्याचा ओचा भिजून पिंढऱ्यांना चिकटायचा. काळ्या कातळावर शेवाळ, शेवाळावर गोगलगाई. दुपारची भाकरी थंड आणि ओलसर, ठेच्याला मात्र चव यायची. कौसाबाई भाकरी खाताना साहेबांना विचारायची, "साहेब, तुम्ही आमच्यातली भाकर खाता, घरी ठाव हाय का?" साहेब म्हणायचे, "घरी मी डोंगरावर काय करतो हेच ठाऊक नाही." ती हसली की पाठीमागच्या दाताची खिंड दिसायची.

डबीला होकायंत्र म्हणतात हे मला मागाहून कळलं. आम्ही डबीच म्हणायचो. पितळेची, मुठीत मावणारी, सकाळी हातात घेतली की बर्फासारखी गार. दिवसभर धरली की तळव्याला पितळेचा वास राहायचा, आणि भाकरी थापताना तो पिठाला लागेल असं मला वाटायचं. झाकण उभं केलं की त्यात एक बारीक तार ताणलेली दिसायची. अलीकडच्या बाजूला भिंग. भिंगाच्या फटीतून तार बघायची, तारेवर लांबचं झाड धरायचं, आणि आतली तबकडी डुलायची थांबली की त्याच भिंगात खाली आकडा वाचायचा. शून्य म्हणजे उत्तर, नव्वद म्हणजे उगवती, एकशे ऐंशी दक्षिण, दोनशे सत्तर मावळती. आकडे मुंग्यांएवढे.

साहेबांचा चष्मा पावसानं सारखा धुरकट व्हायचा. एक दिवस वैतागून म्हणाले, "गयाबाई, आकडे वाचता येतात का?" मी चौथी शिकलेली. वाचून दाखवले. त्या दिवसापासून डबी माझ्याकडं आणि झेंड्याची काठी कौसाबाईकडं.

"काय दिसतंय गं तबाखूच्या डबीत?" ती लांबून ओरडायची. "नवरा दिसतोय का?"

"तुझं तोंड दिसतंय. सरळ उभी ऱ्हा."

"माझ्या सुनंची अक्कल कोणत्या आकड्यावर हाय तेवढी बघून सांग."

सुमन फितीच्या टोकाला बसून हसायची. ती कमी बोलायची, पण हसताना पोटावर हात ठेवायची.

साहेबांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी दाखवली होती. डबी दगडावर ठेवली आणि माझा विळा तिच्याजवळ नेला. तबकडी आपोआप फिरली. विळा लांब नेला, ती परत आली. "लोखंड जवळ आलं की ही खोटं बोलते," ते म्हणाले. "आकडा दिसतो, पण तो खोटा असतो." कौसाबाई दोन पावलं मागं सरली. "अगं बया, हिला विळ्याचा वास येतो!" त्यानंतर डबी उघडायच्या आधी सगळे विळे लांब ठेवायची शिस्त लागली.

सुमनच्या कमरेला लोखंड होतं. माझ्या सासूच्या मोडक्या विळ्याचं टोक, वीतभराचं, फडक्यात गुंडाळून काळ्या दोऱ्यानं बांधलेलं. मीच बांधलं होतं. पोटुशी बाई डोंगर चढते, रानात फिरते, तेव्हा तिच्या अंगाला लोखंड पाहिजे, आमच्याकडं असंच आहे. खरं तर आमच्या घरात देव्हारा नाही. सासऱ्यांनी तरुणपणी दीक्षा घेतली तेव्हा देव बाहेर काढले आणि भिंतीवर बुद्धांची तसबीर लावली. अंगारा, नवस, देवऋषी सगळं बंद. लोखंड मात्र राहिलं. त्याला कुणी देव म्हणत नव्हतं, म्हणून ते काढायचं कुणाला सुचलं नाही. सुमन फितीच्या टोकाला, मी डबीपाशी. आमच्यात नेहमी पन्नास पावलं असायची, म्हणून त्या टोकानं महिनाभर काही बिघडवलं नाही.

त्या दिवशी सकाळीच धुकं उतरलं. असं धुकं तिकडं दोन-दोन, तीन-तीन दिवस हलत नाही. आम्ही राखणदाराच्या खोपीत थांबलो. राखणदार आजारी, खाली गावात. साहेब बाहेर सामान झाकायला गेले आणि शेवाळावरून घसरले. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. तिघींनी मिळून त्यांना ओढत आत आणलं. त्या ओढाताणीत सुमनला पहिली कळ आली. तिनं सांगितलं नाही. दुसरी आली तेव्हा ती खोपीच्या मेढीला धरून खाली बसली.

साहेबांचा मोबाईल होता, पण डोंगरावर तो नुसता घड्याळ बघायला. ते भिंतीला टेकून बसले, घामानं डबडबलेले. म्हणाले, "मला नेता येणार नाही. हिला न्या. इथं थांबलात तर ही जाईल."

खोपीपासून उतरणीची वाट सातशे पावलांवर. रोज आम्ही समोरचं एकटं सालईचं झाड धरून चालायचो. त्या दिवशी झाड नव्हतं, कातळावर पाऊलवाट उमटत नाही आणि उजव्या अंगाला कडा. साहेबांनी त्यांची वही काढली, बघितली आणि म्हणाले, "तीनशे वीस. एवढाच आकडा धरा. कौसाबाईला पुढं पाठवा, दिसते तिथपर्यंत. तिला तारेवर घ्या. ती बाजूला असली तर सरकवा. मग तिच्यापर्यंत चालत जा, आणि पुन्हा तिला पुढं पाठवा. चुकलात असं वाटलं तर मावळती धरा, दोनशे सत्तर. ओढा लागेल. ओढा वाटेला मिळतो."

मग त्यांनी विचारलं, "कुणाच्या अंगावर लोखंड नाही ना? चावी, पिन, काहीही?"

"नाय साहेब," मी म्हणाले. "विळे इथंच ठेवलेत."

मी विसरले होते असं पुढं मी सगळ्यांना सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. पण मी विसरले नव्हते. मी "नाय" म्हणाले तेव्हा माझी नजर सुमनच्या कमरेवर होती. एवढंसं पातं, त्यानं काय होणार, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं कारण ते नव्हतं. कळा देणाऱ्या बाईच्या अंगावरचं लोखंड मी काढलं आणि पोराला काही झालं, तर ते माझ्या नावावर आलं असतं. सासू बोलली असती, आळी बोलली असती. डबी चुकली तर ती डबीची चूक. मला डबीपेक्षा आळीची भीती जास्त वाटली.

अशा आम्ही निघालो. वाऱ्यानं हात हलतो, म्हणून साहेबांनी मला गुडघा टेकून, कोपर गुडघ्यावर ठेवून बघायला शिकवलं होतं. मी तशी बसायचे. सुमन माझा उजवा खांदा धरून उभी राहायची. तिची कंबर माझ्या कानाशी, म्हणजे डबीपासून वीतभर. कौसाबाई पुढं जायची, पंधरा-वीस पावलांवर तिचं लुगडं धूसर व्हायला लागलं की मी "थांब" म्हणायचे. मग बघायचे. "उजवीकडं." ती सरकायची. "अजून." ती सरकायची. "बास." मग आम्ही दोघी तिच्याजवळ. सुमनला कळ आली की थांबायचं. कौसाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "पोरगी हाय बघ. आईला छळतीय म्हंजी पोरगीच."

दर वेळी उजवीकडंच सरकावं लागतंय, हे माझ्या लक्षात आलं होतं. कौसाबाईच्याही आलं.

ती थांबली. नाक वर करून म्हणाली, "गया, वारा खालून यायला लागलाय. पायाला वळण ओळखीचं वाटंना. जरा डावीकडून जाऊ या का?"

"डबी मी बघतीय ना," मी म्हणाले. "मी सांगितलं की सरक. मास्तरकी करू नको."

"बरं बाई, तू शिकलेली," ती म्हणाली. तिनं ते टोमण्यानं म्हटलं नाही. खरंच मान देऊन म्हटलं. तिचं ते शेवटचं बोलणं. त्यानंतर ती पुढं गेली, मी गुडघा टेकला आणि म्हणाले, अजून दोन पावलं उजवीकडं.

ती गेल्यावर मी किती वेळ तशीच बसले होते ते सांगता येणार नाही. डबी डोळ्यालाच होती. मग मी डावा हात वर करून सुमनच्या ओच्यात घातला, दोरा तोडला आणि ते पातं फडक्यासकट लांब फेकलं. मी हलले नव्हते. डबी हलली नव्हती. भिंगात मुंग्यांएवढे आकडे चालायला लागले. तीनशे वीस गेले, तीनशे तीस गेले, आणि तबकडी थांबली ती पार पुढं, शून्याजवळ, म्हणजे उत्तरेला. आम्ही खोपीपासून सगळा वेळ कड्याकडं चाललो होतो. एका म्हाताऱ्या बाईला पुढं घालून.

"बाई, ते का काढलं?" सुमन रडायला लागली. "बाई, ते का काढलं तुम्ही?" कौसाबाई कुठं गेली हे तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मी कड्यावरून हाका मारल्या. पाचसहा मारल्या असतील. धुक्यानं त्या खाली जाऊ दिल्या नाहीत. मग मी दोनशे सत्तर धरला. आता पुढं पाठवायला कुणी नव्हतं. दहा पावलांवरचा दगड धरायचा, नाहीतर तेरड्याचा झुबका. तिथपर्यंत सुमनला ओढायचं, बसवायचं, पुन्हा बघायचं. मधेच तिचं पाणी गेलं. ओढ्याचा आवाज आला तेव्हा मला आनंद वगैरे झाला नाही. मी फक्त डबी मिटली.

दिवस मावळायच्या आत आम्ही खाली पोचलो. सुमनची पोरगी त्याच संध्याकाळी झाली, घरातच, माझ्या सासूच्या हातावर. मुठीएवढं डोकं. माणसं मशाली, दोर घेऊन निघाली होती, पण धुक्यात वर चढता आलं नाही. साहेबांना दुसऱ्या दिवशी दुपारी झोळीतून आणलं. कौसाबाई तिसऱ्या दिवशी सापडली, कड्याच्या तळाला. मी बघायला गेले. सगळ्या बाया म्हणत होत्या, जाऊ नको. मी गेले. मी पाठवलं होतं तिला, मला बघायला पाहिजे होतं.

पंचनाम्यात मी "पाय घसरला" असं सांगितलं. कौसाबाईच्या मुलानंही विचारलं, त्यालाही तेच. बाकीच्या बायांनी अंगठे दिले. मी सही केली.

महिन्यानं मी साहेबांना भेटायला शहरातल्या दवाखान्यात गेले. पाय वजनाला टांगलेला. डबी त्यांच्या उशाशी ठेवली. त्यांनी ती उघडून बघितली, मिटली. मग म्हणाले, "गयाबाई, लोखंड नव्हतं ना?"

"नव्हतं."

"आमच्याकडंसुद्धा बाळंतिणीच्या उशाखाली सुरी ठेवतात. म्हणून विचारलं."

"नव्हतं, साहेब."

"मग माझाच आकडा चुकला," ते म्हणाले. "वहीत बघताना ओळ चुकली असणार. चष्म्यावर पाणी होतं."

तिथं मला बोलता आलं असतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी मोसंब्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि उठले. पुढं त्यांनी मोजणीचं काम सोडलं असं कानावर आलं. ते गेले तेव्हा मला चार महिन्यांनी कळलं. मरेपर्यंत त्यांनी कौसाबाईला स्वतःच्या नावावर ठेवलं असेल, आणि मी ठेवू दिलं.

त्यांची वही बरोबर होती. ती मी पुढं कधी पाहिली नाही, पण ती बरोबर होती हे जगात फक्त मला माहीत होतं, असं मी इतकी वर्षं समजत होते.

यंदाच्या भाद्रपदात सुमन आली होती. ती चिकलठाण्याला राहते, तिचा मुलगा तिथं कारखान्यात आहे. तिचेही केस आता पिकलेत. आम्ही ओट्यावर चवळीच्या शेंगा निवडत बसलो होतो. एवढ्या वर्षांत तिनं मला एकच गोष्ट ऐकवली आहे. कधी रागानं, कधी सहज, कधी दुसऱ्यांच्या देखत. बाईंनी लोखंड काढलं, म्हणून माझी पोरगी गेली. मी ऐकून घेत आले. त्या दिवशी तिनं काही म्हटलं नव्हतं. मीच म्हणाले, "सुमन, साहेबांनी विचारलं होतं ना, लोखंड हाय का म्हणून. मी नाय म्हणाले. मला ध्यानात होतं. मी मुद्दाम नाय म्हणाले."

तिनं शेंग मोडली, दाणे ताटात टाकले. "ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"तुम्ही नाय म्हणालात तवा माझा हात त्याच्यावरच होता, बाई. पदराखालून. गच्च धरलं होतं. तुम्ही काढाल म्हणून."

"आणि काढायला आले असते तर?"

"दिलं नसतं."

आतून सून विचारत होती, चहा ठेवू का. मी हातानंच नको म्हटलं.

"मग इतकी वर्षं मला पोरीचं का बोलत ऱ्हायलीस?"

"मग काय बोलू?" ती एकदम चिडली. "कौसाबाईचं नाव घेऊ? तुमच्या-माझ्या तोंडानं? पोरीवर बोलता येतं. ती माझी हाय."

नंतर आम्ही राहिलेल्या शेंगा निवडल्या. बोललं की हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मला वाटलं नाही. तिलाही वाटलं नसणार, कारण जाताना ती पाया पडली नाही, आणि एरवी ती न चुकता पडते.

लोखंडानं पोरगी वाचली असती का, ते मला सांगता येत नाही. सातव्या महिन्याचं लेकरू, त्या काळी, त्या वस्तीवर. नसती वाचली असं डोकं म्हणतं. लोखंडानं कौसाबाई गेली, हे मात्र मी डोळ्यानं पाहिलं. आकडे चालताना पाहिले. ते पातं अजून त्या पठारावर कुठंतरी गंजत पडलं असेल. त्याला दोष देऊन उपयोग नाही. ते लोखंड होतं, त्याला बोलता येत नव्हतं. बोलता मला येत होतं.

कौसाबाईचा मुलगा अजून गावात आहे. त्याला हे मी सांगितलेलं नाही. हे छापलं तर तो वाचेल, किंवा कुणी वाचून दाखवेल. वाचू दे. दारात आला तर दार उघडीन.

त्या दिवशी डोंगरावर आम्ही चौघं होतो. पाठक साहेब जगले, सुमन जगली, मी जगले. कौसाबाई मेली. सुमनची पोरगी दोन दिवस जगली.